माळवदाची घरे आणि किल्लारीचा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे दगावली, आणि सारा दोष दगडी घरांच्या माथी आला. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो.

पुष्कळ पडक्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. कोसळल्या त्या भिंती. दोन-अडीच फूट जाड, मातीत रचलेल्या, परंतु आतला व बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड नाही, मध्ये नुसती भर! धक्क्यासरशी थर सुटले. आणि जेथे माळवदाचा भार भिंतींवरच होता, तेथे ती सारी माती निजलेल्यांवर आली.

म्हणून स्थापत्यतज्ज्ञांनी सुचविले की, छतावरची माती कमी करावी, भिंतीस ठिकठिकाणी आरपार भोके पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरावे, खांब-तुळईच्या सांध्यांस तिरके आधार द्यावेत. सरकारने दुरुस्तीस पैसाही दिला. परंतु दगडाची धास्ती अशी की, अनेकांनी त्यातून सिमेंटची एक खोली बांधली आणि जुने घर तसेच ठेवले.

ज्या बांधवांची अशी घरे आजही वापरात आहेत, त्यांनी कोपऱ्यांतील उभ्या भेगा व भिंतीचा फुगवटा जाणत्या अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावा. पाडण्याचा विचार त्यानंतर.