चाचेगिरी, कोकण किनाऱ्यावरील

खासगी लाभासाठी समुद्रावर जहाजे लुटणे, ती बळकावणे किंवा त्यांवरील माणसांस बंदी करून खंडणी घेणे यास चाचेगिरी म्हणतात. राजसत्तेची सनद घेऊन खासगी मालकीच्या सशस्त्र जहाजांतून शत्रूचा व्यापार लुटण्याची प्रथा यूरोपीय कायद्यात हिच्याहून वेगळी, म्हणजे वैध, मानली जाई. प्रत्यक्षात कृत्य बहुधा एकच असे. सनद कोणी दिली आणि ती कोण मान्य करतो, यावर त्याचे नाव ठरे. बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत पसरलेल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या (१९८१ मध्ये यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला) किनाऱ्याचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन इ. नद्यांच्या खाड्यांनी हा किनारा खंडित झालेला आहे. खाड्यांच्या मुखाशी बाणकोट, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग ही बंदरे व किल्ले वसले. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जलवाहतूक बंद राही. उरलेल्या काळात देशी तरांडी रात्रीचा मतलई वारा व दिवसाचा खारा वारा यांचा फायदा घेत किनारा धरून चालत. त्यामुळे व्यापारी जहाजांना खाड्यांच्या तोंडांवरून जाणे भाग पडे. उथळ पाण्यात चालणारी गुराबे व वल्ह्यांची गलबते खाडीतून बाहेर पडून मोठ्या जहाजास गाठीत व गरज पडल्यास पुन्हा खाडीत शिरत. खोल बुडाच्या यूरोपीय जहाजांना तेथे त्यांचा पाठलाग करता येत नसे. भंडारी, कोळी, गाबीत, दालदी, खारवी इ. दर्यावर्दी जमातींतून तांडेल व खलाशी मिळत.

हा धोका प्राचीन आहे. भारताकडे येणाऱ्या रोमन जहाजांवर चाच्यांच्या भीतीमुळे तिरंदाजांची पथके ठेवीत, असे पहिल्या शतकात प्लिनीने नोंदविले आहे. व्यापाऱ्याने स्वखर्चाने शस्त्रबळ बाळगण्याची प्रथाही तितकीच जुनी म्हणावी लागेल.

परवान्यांची पद्धत : सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरावर आपले स्वामित्व सांगितले व ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. त्यात जहाजाचा मालक, माल, मार्ग यांची नोंद असे. ठराविक पोर्तुगीज ठाण्यात जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेले जहाज मालासह जप्त होई. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने समुद्र सर्वांस मोकळा आहे, हे तत्त्व १६०९ मध्ये मांडले. तथापि पूर्वेकडे आलेल्या डच व इंग्रज कंपन्यांनीही पुढे स्वतःचे परवाने काढलेच. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी ही भागधारकांची व्यापारी संस्था होती. परंतु १६६१ च्या सनदेने तिला ख्रिस्तेतर सत्तांशी युद्ध व तह करण्याचा अधिकार मिळाला.

मराठी राज्यात या परवान्यास कौल किंवा दस्तक म्हणत. शिवाजी महाराजांनी आरमार उभारून सिंधुदुर्ग (बांधकामाचा आरंभ १६६४), सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा ठाण्यांच्या आधारे किनाऱ्यावर सत्ता प्रस्थापित केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. कौल घेतलेल्या सावकारास उपद्रव देऊ नये, कौलाविना आलेल्या परक्या व्यापाऱ्यास दिलासा देऊन जकातीवर सोडावे व शत्रूची तरांडी मात्र जप्त करावी, असा त्यातील नियमांचा आशय आहे. लूट व अंमल यांतील भेद मराठी राज्यकर्त्यांच्या मनात स्पष्ट होता, हे यावरून दिसते.

यूरोपीय चाचे : सतराव्या शतकाच्या अखेरीस या समुद्रात यूरोपीय चाच्यांचा उपद्रव वाढला. १६९५ मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने मक्केहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटले व यात्रेकरूंवर अत्याचार झाले. मोगलांनी सुरतेच्या इंग्रजांना अटकेत ठेवले. त्यांच्या दृष्टीने कंपनी आणि चाचे यांत फरक नव्हता. फ्रेंच जहाजे व चाचे यांच्याविरुद्ध राजाची सनद घेऊन निघालेल्या विल्यम किडने १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यावर फ्रेंच परवाने सापडल्याचा त्याचा दावा होता. ते परवाने खटल्यात पुढे आले नाहीत आणि १७०१ मध्ये त्याला लंडनमध्ये फाशी झाली.

आंग्रे व इंग्रज : १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराची सूत्रे कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांच्याकडे आली. त्यांना सरखेल हा किताब होता व १७१३ मध्ये शाहू महाराजांशी झालेल्या तहाने तो कायम झाला. दस्तकाविना जाणारी जहाजे ते पकडीत. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे यॉट व ‘ॲन’ हे जहाज धरले. त्या लढाईत कारवार वखारीचा प्रमुख चाउन ठार झाला. त्याच्या पत्नीची सुटका ३०,००० रु. घेऊन करण्यात आली. पुढील वर्षी उभयतांत करार झाला. तथापि कंपनीच्या परवान्याचे संरक्षण हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना व मालाला मिळते काय, याविषयी मतभेद राहिले व युद्ध पुन्हा पेटले. इंग्रजांचे विजयदुर्ग (१७१७, १७२०), खांदेरी (१७१८) व पोर्तुगीजांसह कुलाबा (१७२१) यांवरील हल्ले फसले.

इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांचा उल्लेख सतत ‘चाचे’ असाच येतो. कान्होजी हे छत्रपतींचे नियुक्त अधिकारी होते. ते तह करीत, जकात घेत व किल्ल्यांचा कारभार पाहत. त्यामुळे हे विशेषण कायद्याच्या कसोटीस उतरत नाही. मात्र लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्याला एकाच प्रवासासाठी पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी व आंग्रे यांपैकी अनेकांचे परवाने घ्यावे लागत आणि कैदेत पडलेल्या खलाशाला पकडणाऱ्याच्या सनदेने दिलासा मिळत नसे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कान्होजींच्या पुत्रांत फूट पडली. विजयदुर्गच्या तुळाजी आंग्रे यांनी पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्यापुढे विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. मिळणाऱ्या लुटीची वाटणी इंग्रज अधिकाऱ्यांनी मोहिमेपूर्वीच आपसांत ठरविली होती. सुमारे दहा लाख रुपये त्यांनी वाटून घेतले व मराठ्यांना वाटा दिला नाही. चाचेगिरीच्या निर्मूलनाची ही मोहीम स्वतः लुटीच्या तत्त्वावरच चालली होती. ऑक्टोबरच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला व बाणकोट इंग्रजांकडे गेले. किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ मराठी आरमार मराठ्यांच्याच साहाय्याने नष्ट झाले, हा या घटनेवरील प्रमुख आक्षेप आहे.

त्यानंतर विजयदुर्ग येथे पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांच्या हाताखाली होते. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी रत्नागिरीनजीक कंपनीचे ‘रेंजर’ जहाज पकडले. सालबाईचा तह त्यापूर्वीच झालेला असल्याने इंग्रजांनी यास तहभंग म्हटले. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतांकडून वेंगुर्ला इंग्रजांनी घेतले आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर उरलेला किनाराही त्यांच्या अंमलाखाली आला.

आधुनिक कायदा : १८५६ च्या पॅरिस घोषणेने सनदी लूट रद्द ठरविली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार खासगी जहाजावरील लोकांनी खासगी हेतूने खुल्या समुद्रावर दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली हिंसा, अटकाव वा लूट ही चाचेगिरी होय. चाच्यांचे जहाज कोणत्याही राष्ट्राला पकडता येते. पण हा अधिकार युद्धनौका व शासकीय जहाजे यांपुरताच आहे.

भारतीय नौदल व तटरक्षक दलाने १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे पळविलेले जपानी मालकीचे जहाज पश्चिम किनाऱ्याजवळ पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. चाचेगिरीसाठी देशात स्वतंत्र कायदा नसणे ही उणीव यामुळे ठळक झाली. सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम संसदेने २०२२ मध्ये संमत केला.

सोमाली चाच्यांच्या उपद्रवामुळे एकविसाव्या शतकात व्यापारी जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षक पुन्हा आले. त्यांची शस्त्रे बाळगणारे ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज २०१३ मध्ये तुतिकोरीन येथे अडविण्यात आले. त्यावरील ३५ जणांना २०१६ मध्ये शिक्षा झाली व २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. खासगी बळाचा वापर कोणाच्या अनुज्ञेने व किती मर्यादेत व्हावा, याविषयी राष्ट्रांमध्ये अद्याप एकच बंधनकारक नियम नाही. कौल, दस्तक व कार्ताझ यांच्या काळात कोकण किनाऱ्यावर वादग्रस्त ठरलेला हाच मुद्दा होता.