‘मी’ नाही, तर अन्याय झाला कोणावर?

धम्मवर्गात तरुणांकडून हमखास येणारा प्रश्न : बुद्ध आत्मा मानत नाहीत, मग कर्माचे फळ भोगतो कोण? आणि ज्ञानप्राप्तीनंतर ‘मी’ उरतच नसेल, तर जातीविरुद्ध लढायचे कोणी? ‘अन्याय, अन्याय काय करता, तो तुमचा अहंकार आहे’ असा उपदेशही आमच्या कार्यकर्त्यांना अधूनमधून ऐकावा लागतो.

हा वाद नवा नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला सागलचा राजा मिलिंद, याने भदन्त नागसेनांना हेच विचारले होते. (बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले ते या प्रश्न विचारणाऱ्याचे!) नागसेनांनी रथ दाखवला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सगळे जुळले की त्याला रथ म्हणायचे. माणसाचे नावही तसेच, व्यवहारापुरते. म्हणून जबाबदारी मात्र सुटत नाही. आंबे चोरणारा म्हणेल, मालकाने लावली ती कोय वेगळी आणि मी तोडले ते आंबे वेगळे. तरी राजा त्याला शिक्षा करणारच, कारण एकातूनच दुसरे आले.

इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. आंब्याचा हा दाखला ग्रंथात पुनर्जन्म समजावण्यासाठी आला आहे. इतकेच नव्हे, कोणी नीच कुळात का जन्मतो, याचे उत्तरही मिलिंदपञ्हात ‘कर्म’ असेच दिले आहे. ते बौद्ध ग्रंथात आहे म्हणून आम्ही ते मान्य करायचे काय?

बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी हा पेच मांडला : आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? पुढे त्यांनी उत्तर दिले. कम्म हा नैतिक व्यवस्थेचा नियम आहे. माणसे येतात-जातात, ती व्यवस्था माणसांच्या बऱ्यावाईट कृतींवर उभी राहते. पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धान्त मात्र त्यांनी झिडकारला, कारण गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग. समाजशास्त्र शिकलेल्यांनी हे दोनदा वाचावे.

आता उरला ‘मी’. अनात्म म्हणजे माणूस पुसला जाणे नव्हे. जाते ते ‘माझे, माझे’ हे धरून बसणे. स्वतः बुद्ध संबोधीनंतर 45 वर्षे गावोगाव फिरले, वाद घातले, संघ चालवला. आणि थेरगाथेतला सुनीत पाहा. कोमेजलेली फुले झाडून टाकणारा, हलक्या कुळातला, लोकांनी तुच्छ मानलेला. अर्हत झाल्यावर त्याने आपले कुळ झाकले नाही. दारिद्र्य, ते काम, तो तिरस्कार, सगळे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि भिक्खुसंघाने ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून जपले.