पुरातून वाचलेली आईची वही

सुरतेतल्या आपल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. मीही लिहीन लिहीन म्हणत होते. पण दिवसभर कापड मार्केटात बिलं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि रात्री पोळ्या, त्यात राहूनच गेलं. आज बसलेय. कुकरची शिट्टी झाली तर मध्येच उठेन.

आमचं मूळ गाव अमळनेरकडचं. बाबा जळगाव-उधना गाडीने लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. आई चौथी शिकलेली. घराचा हिशेब तीच ठेवायची. वहीच्या पहिल्या पानापासून किराणा, दूध, फी, आणि तीच वही उलटी करून मागच्या पानापासून स्वतःचं काहीबाही. कुणी आलं की वही सरळ करायची, म्हणजे हिशेबच चाललाय असं दिसायचं. अशा अकरा वह्या होत्या.

२००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. आम्ही अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. पाणी ओसरल्यावर घरात घोटाभर चिखल. मी गाद्या, पुस्तकं, कागद सगळं फावड्याने ओढून बाहेर टाकलं. त्यात आईच्या वह्या होत्या. मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. नंतर एक वही तिने गुपचूप उचलून गच्चीवर वाळत घातलेली दिसली.

त्या वहीतला हिशेब शाईचा, तो पसरून निळा डाग झाला. पण मागची पानं आमच्या उरलेल्या पेन्सिलींच्या तुकड्यांनी लिहिलेली. पेन्सिल पाण्याने जात नाही. ती पानं आजही वाचता येतात. एका पानावर एवढंच आहे: "मोठीला ताप. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले." ती मोठी म्हणजे मी.

तेव्हापासून मला एक नाद लागला. या शहरात नोकरी-संसार सांभाळून कुणी कुणी लिहिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे वाचायचं.

पहिलं नाव आपल्याच माणसाचं, दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापून आलं तेव्हा वय अवघं बावीस. पुढे १८४० नंतरच्या काळात ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद नको, जादूटोण्याला भिऊ नका, असं भर सुरतेत सांगणारी मंडळी ही. एक मराठी मास्तर आणि एक गुजराती मेहताजी, दोघेही पगारावर जगणारे. दुर्गारामांनी केलेल्या नोंदींच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी पुढे त्यांचं चरित्र लिहिलं, म्हणून ती सभा आज आपल्याला माहीत आहे. दादोबा १८४६ मध्ये मुंबईला परतले. त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं, ते अपुरंच राहिलं. १८८२ मध्ये ते गेले आणि अ. का. प्रियोळकरांनी ते छापलं १९४७ मध्ये. पासष्ट वर्षं ते कागद कुणीतरी जपले असतील ना!

दुसरा नर्मद. त्याचं आमलीरानचं घर आजही आहे, मुलांना जरूर दाखवा. वडील लालशंकर लहिया, म्हणजे पोथ्या उतरवून पोट भरणारे. नर्मदने १८५८ मध्ये मास्तरकी सोडली आणि लेखणीवरच जगायचं ठरवलं. कर्ज झालं, ओढाताण झाली, आणि १८८२ मध्ये त्याला पुन्हा नोकरी धरावी लागली. आत्मकथा त्याने १८६६ मध्येच लिहिली होती, पण मोजक्याच प्रती काढल्या. सर्वांच्या हाती ती आली १९३३ मध्ये, तो गेल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी.

आणि तिसरी आपल्या खानदेशची बहिणाबाई. ऐन तिशीत नवरा गेला, पदरी तीन लेकरं, शेत आणि जातं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी तिची गाणी उतरवून ठेवली. ती १९५१ मध्ये गेली. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं.

यातल्या कुणालाच निवांत वेळ मिळाला नव्हता. तो मला मिळेल म्हणून मी वीस वर्षं थांबले, ही माझी चूक. पण त्याहून मोठी चूक फावड्याची. लिहिणाऱ्याने जमेल तेव्हा लिहिलं. ते टिकलं, कारण मागे राहिलेल्या कुणीतरी टाकलं नाही. बहिणाबाईच्या लेकाने जे केलं, नेमकं तेच मला माझ्या आईसाठी करता आलं नाही. दहा वह्या गेल्या. आईपण २०१९ मध्ये गेली. माफी मागायची राहिली.

आता रोज रात्री एक पान उतरवून काढते, चलानच्या कोऱ्या पाठीवर. माझी धाकटी गुजराती शाळेत शिकलेली. शिरोरेघेची अक्षरं तिला अडतात, तरी बोट ठेवून वाचते. परवा तिने विचारलं, "मम्मी, आजी दोनदा उठली, मग तिसऱ्यांदा बसली का?" मी म्हटलं, "बसली असेल. नाहीतर उठल्याचं लिहिलं कधी?"

मंडळी, दिवाळीची साफसफाई जवळ येतेय. माळ्यावर जुन्या हिशेबाच्या वह्या असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा उलट्या करून मागची पानं बघा. काही सापडलं तर इथे जरूर सांगा.