हिरव्या चौकोनांचा हिशेब

गिटहबवर आपलं पान उघडलं की वर्षभराचा एक तक्ता दिसतो. एका दिवसाला एक चौकोन. नोंदी जितक्या जास्त तितका हिरवा गडद, नोंदच नसेल तर राखाडी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं, २००८ मध्ये गिटहब सुरू झालं आणि २०१३ मध्ये हा तक्ता आला. सलग किती दिवस काम केलं, हा आकडाही तेव्हा त्याखाली असे. तो तुटू नये म्हणून लोक सुट्टीच्या दिवशीही एखादी ओळ बदलून ठेवत. मे २०१६ मध्ये तो आकडा काढला गेला. त्याच महिन्यात खासगी प्रकल्पांतलं कामही, तपशील न उघड करता, मोजून दाखवायची सोय झाली. तोवर कंपनीत दिवसभर राबणाऱ्याचं पान बाहेरच्याला ओसाडच दिसे.

आकडा गेला, पण तक्ता बघून माणूस जोखायची सवय राहिली. एका मुलाखतीत माझ्या जून महिन्यावर बोट ठेवून विचारलं गेलं, "इथे काहीच केलं नाही?" वाशीम जिल्ह्यात जूनमध्ये सोयाबीनची पेरणी असते. मी गावी होतो, बाबांसोबत बियाणं आणि खत आणत होतो. तसं सांगितलं. नोकरी मिळाली नाही.

दुसऱ्याचा कोड वाचणं, नवख्याला फोनवर चूक समजावणं, यालाही तिथे चौकोन नाही. आता मुलाखत घ्यायची वेळ माझ्यावर येते, तेव्हा मी तक्ता सोडून उमेदवाराने लिहिलेला कोड उघडतो. वेळ लागतो, पण तेवढा देतो.