पेगी ॲशक्रॉफ्ट : पडद्याआधीची नटी

‘अ पॅसेज टु इंडिया’ या १९८४ च्या चित्रपटातल्या वृद्ध मिसेस मूर आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या भूमिकेसाठी पेगी ॲशक्रॉफ्ट यांना ७७ व्या वर्षी ऑस्कर मिळाले. पण एवढ्यावरच त्यांना ओळखणे म्हणजे शेवटच्या अंकाला नाट्यगृहात शिरणे.

देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे ‘ऑथेल्लो’ आपल्याला परका नाही. १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात बावीस वर्षांच्या ॲशक्रॉफ्ट डेस्डिमोना झाल्या, आणि ऑथेल्लो होते अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रॉबसन. लगतच्याच सॅव्हॉय हॉटेलच्या भोजनगृहात आदल्या वर्षी रॉबसनना प्रवेश नाकारला गेला होता. रंगमंचावरच्या त्यांच्या चुंबनापायी ॲशक्रॉफ्टना द्वेषाने भरलेली पत्रे आली. त्या डगमगल्या नाहीत. माझ्या मते त्यांची खरी कसोटी तीच.

पुढे १९६३ साली, पंचावन्नाव्या वर्षी, स्ट्रॅटफर्डला ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’मध्ये त्यांनी राणी मार्गारेट साकारली, अगदी नवयौवनेपासून शाप देणाऱ्या म्हातारीपर्यंत. बीबीसीने तो प्रयोग चित्रित केला, म्हणून तो आजही पाहता येतो. डेस्डिमोनाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही; तिची छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी तेवढ्या मागे आहेत.