शोगीचा राजा

आपल्या बुद्धिबळांत डाव सरत आला म्हणजे पट रिकामा होतो. वजीर, हत्ती मारले गेले कीं इतका वेळ कोपऱ्यांत दडलेला राजा धीटपणें बाहेर पडतो आणि प्याद्यांना हात देतो. जपानांतील शोगी या खेळांत नेमकें उलटें घडतें. हा खेळही आपल्याच चतुरंगाच्या वंशांतला. पण तेथें मारलेला मोहरा पेटींत जात नाहीं. तो मारणाऱ्याचा होतो, आणि पुढें आपल्या पाळीला बहुतेक कोणत्याही मोकळ्या घरांत उतरवितां येतो. म्हणून डाव जसजसा संपत येतो, तसतसे शत्रूच्या हातांत शिपाई वाढतच जातात.

राजाला गड लागतो तो यासाठींच. ८१ घरांच्या या पटावर खेळाडू आरंभींच राजाला एका बाजूस नेतात आणि बहुधा दोन ‘सुवर्ण सेनापति’ व एक ‘रजत सेनापति’ यांचा कोट त्याच्याभोंवतीं रचतात. ‘यागुरा’, ‘मिनो’ अशीं या कोटांचीं नांवें आहेत. ‘अनागुमा’ नांवाच्या कोटांत तर राजा अगदीं कोपऱ्यांतल्या घरांत शिरतो, बिळांत अस्वल शिरावें तसा. तेथें त्याला शह देणेंच कठिण. मात्र कोट फुटला तर पळायला वाट नाहीं.

मी जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलें, त्यामुळें मोहरे मोजण्याची खोड मलाही आहे. शोगीच्या अखेरीस ती घात करते. तेथें प्रश्न एकच : कोणाच्या राजावर आधीं मात होते? लागोपाठ शह देऊन मात होत असेल तर ती करावी. होत नसेल तर उगाच शह देत राजाला मोकळ्या रानांत पळवूं नये. पुढच्या खेळीस मात अटळ होईल अशी चाल करावी. जिच्यावर उतारच नाहीं अशा धमकीला जपानी लोक ‘हिश्शी’ म्हणतात. परंतु ती देण्यापूर्वीं स्वतःच्या राजाकडे पाहिलें पाहिजे, कारण तेवढी एक पाळी शत्रूला मोकळी मिळते, आणि तेवढ्यांत त्यानें शहावर शह देऊन आपल्यावरच मात केली तर हिश्शी कुचकामाची.

याचें विलक्षण उदाहरण १९४८ सालीं कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर घडलें. ‘मेइजिन’ हें श्रेष्ठ खेळाडूचें पद पूर्वीं तहहयात असे. १९३० नंतरच्या दशकांत तें सामन्यानें ठरूं लागलें. त्या वर्षीं मेइजिनाला आव्हान कोणीं द्यावें यासाठीं मासुदा कोझो आणि ओयामा यासुहारु झुंजत होते. दोघेही एकाच गुरूचे शिष्य; मासुदा तिशीच्या उंबरठ्यावर, ओयामा पंचविशीच्या आंतबाहेर. दोन डावांत बरोबरी होऊन तिसरा उरला, आणि त्यांत मासुदाचा जय हातीं आला होता. त्याचा राजा कोट सोडून प्याद्यांच्या ओळींत उभा. ओयामानें हत्तीनें शह दिला. हातांतला घोडा मध्यें उतरविला असता तर भागलें असतें. मासुदानें त्याऐवजीं राजालाच एक घर पुढें सरकविलें. लगेच उंटाचा शह आला, आणि त्यापुढें सुटका नव्हती.

मासुदानें मुलगा असतांना घर सोडलें, तेव्हां आईच्या मोजपट्टीमागें लिहून ठेविलें होतें कीं, मेइजिनाला एक भाला सोडून देऊन मीं हरवीन. १९५६ सालीं त्यानें आपला भाला पटावरून काढून ठेवून मेइजिन ओयामाला खरोखरच हरविलें. पुढच्या वर्षीं मेइजिनपदही त्याच्याचकडून घेतलें. १९५९ सालीं ओयामानें तें परत मिळविलें.