घाट कुणाची गाडी चढते? मावळातल्या पिकअपवाल्यांचा जुना वाद

मार्केटच्या बाहेर पहाटे दोन पिकअप शेजारी लागल्या की चहा येईपर्यंत वाद पेटलेला असतो. "माझी भरून खंडाळ्याचा घाट तिसऱ्या गियरला चढते," एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, "चढत असेल, पण महिन्याला पाटा किती वेळा बदलतो ते सांग." दोघांच्याही काचेवर आई एकविरा.

आपल्याकडं हा वाद मुख्यतः महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटाची योद्धा किंवा जुनी २०७ यांच्यात असतो. २०११ पासून अशोक लेलँडची दोस्तही त्यात आली. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, खरं तर मिनी ट्रक. पण त्यालाही यात ओढतात. ते बरोबर नाही. पहिल्या छोट्या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं होतं. बोलेरो पिकअपचं चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं. यांची घाटात शर्यत लावायची कशाला?

महिंद्रा आणि टाटा मोटर्स (तेव्हाची टेल्को) या दोन्ही कंपन्या १९४५ सालच्या. दोघींचे कारखाने आपल्याच जिल्ह्यात, एकीचा चाकणला, दुसरीचा पिंपरीला. घरातलं माणूस जिथं कामाला, त्या कंपनीची गाडी दारात, असंही होतं. पण बहुतेकांची निष्ठा कंपनीपेक्षा मिस्त्रीवर असते. गावातल्या मिस्त्रीचा हात ज्या इंजिनावर बसलाय आणि ज्याचा पार्ट त्याच दिवशी मिळतो, ती गाडी चांगली. हप्ता चालू असताना गाडी चार दिवस उभी राहणं कुणालाच परवडत नाही.

आता मुद्द्याचं. मावळातली फुलं, भाजी, तांदूळ दादर-वाशीला जातो, म्हणजे आपला माल घाट उतरतो. चढताना गाडी बऱ्याचदा रिकामी किंवा अर्धी असते. तरी आपण भांडतो ते चढणीवरून! भरलेली गाडी उतरताना इंजिनची ताकद नाही, ब्रेक आणि गियर कामाला येतात. सतत ब्रेक दाबला तर लायनर तापतो आणि पकड सुटत जाते. ज्या गियरला घाट चढला असता त्याच गियरला उतरायचा; डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही.

त्यात पासिंगपेक्षा जास्त माल. आरसीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची मर्यादा. ड्रायव्हर, हमाल आणि नंतर बसवलेली जाळीसुद्धा त्यातच धरायची. पाटे वाढवून घेतले की गाडी बसत नाही, पण ब्रेक तेवढेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका फेरीची कमाई त्यापुढं काहीच नाही.

एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६ आली. सेन्सर वाढले, धुराचा फिल्टर आला. नुसतं बाजारात हळूहळू फिरवली तर फिल्टरमध्ये काजळी साठते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. इथं मात्र जुन्या मिस्त्रीचा हात चालत नाही, कॉम्प्युटर लावावा लागतो. म्हणून नवी घेताना शोरूमपेक्षा आधी सर्व्हिस सेंटर किती लांब ते बघा. आणि ट्रायल द्यायचीच तर पासिंगएवढा माल भरून मागा, दिवसाउजेडी, आणि घाट उतरून बघा.